बजेट कमी आहे? मग आधी समोरचे दोन स्पीकर घ्या

होम थिएटर घ्यायला आलेले बरेच ग्राहक बजेटचा आकडा सांगायला संकोचतात आणि आधी मोठमोठे संच पाहत राहतात. कृपया आकडा पहिल्यांदा सांगा. पैसे थोडे असले की ते कुठे लावायचे हा प्रश्न जास्त महत्त्वाचा होतो, आणि त्याचं उत्तर देणं हेच आमचं काम आहे. आमचं मत सरळ आहे: एका खोक्यात सहा स्वस्त स्पीकर घेण्यापेक्षा आज दोन चांगले घ्या आणि बाकीचे सवडीने जोडत जा.

असं का म्हणतो, ते नीट सांगतो. हल्लीचे टीव्ही इतके पातळ झाले आहेत की त्यांत स्पीकरला जागाच उरलेली नाही. बहुतेकांचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले असतात, त्यामुळे आवाज भिंतीवर किंवा टेबलावर आपटून मग तुमच्यापर्यंत येतो. संवाद कळत नाहीत म्हणून आवाज वाढवायचा, आणि हाणामारी सुरू झाली की घाईघाईने कमी करायचा, हा खेळ घरोघरी चालतो. थिएटरसारखा आवाज हवा असं म्हणणाऱ्या बहुतेकांची खरी तक्रार हीच असते. संवाद येतात ते समोरून, म्हणून पहिला पैसा समोरच्या स्पीकरवर.

सहा स्पीकरच्या स्वस्त संचात काय होतं

५.१ म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर (फक्त खालचे सूर काढणारा मोठा स्पीकर): समोर डावा-उजवा, मध्ये सेंटर, बाजूला दोन सराउंड. रचना उत्तम आहे. अडचण असते ती स्वस्त संचातल्या तळहाताएवढ्या स्पीकरची. दोन-तीन इंचांचा स्पीकर खालचे सूर काढू शकत नाही, म्हणून कंपनी ते सगळे सूर सबवूफरकडे ढकलते. आता पुरुषाच्या आवाजाचा मूळ सूर साधारण १०० हर्ट्झच्या आसपास असतो. आवाज कुठून येतोय हे कानाला साधारण ८० हर्ट्झच्या खाली नीट कळत नाही, पण त्याच्या वर कळू लागतं. म्हणजे सबवूफरला १५०-२०० हर्ट्झपर्यंत राबवलं, की पडद्यावर बोलणाऱ्या माणसाच्या आवाजाचा खालचा भाग सोफ्याजवळच्या कोपऱ्यातून येतो. खोली 'घुमते' असं ग्राहक म्हणतात, त्यात या प्रकाराचा मोठा वाटा असतो. चार-पाच इंचांचा किंवा त्याहून मोठा वूफर (खालचे सूर काढणारा भाग) असलेला बुकशेल्फ, म्हणजे कपाटावर मावणारा, स्पीकर बराच खालपर्यंत जातो, मग सबवूफरला ८० हर्ट्झच्या खालचंच काम उरतं आणि तो कुठे ठेवलाय हे जाणवत नाही.

अशा संचांचं आणखी एक दुखणं आहे. प्लग त्यांचे स्वतःचे, ओहमही (विजेला होणारा रोध) वेगळे. ॲम्प्लिफायर गेला की धडधाकट स्पीकरही दुसऱ्या कशाला जोडता येत नाहीत. साध्या तारेने जोडले जाणारे, ६ किंवा ८ ओहमचे स्पीकर पुढच्या कुठल्याही रिसीव्हरवर (टीव्ही किंवा प्लेअरचा आवाज घेऊन सगळे स्पीकर चालवणारं यंत्र) चालतात.

वॅटच्या आकड्याला भुलू नका

खोक्यावर पीएमपीओ असं लिहून हजारोंचा आकडा छापलेला असेल, तर तो वाचूच नका. तो मोजायची कुठलीही एक ठरलेली पद्धत नाही. आरएमएस (सतत मिळणारी खरी ताकद) किती, किती ओहमला आणि किती चॅनेल (प्रत्येक स्पीकरच्या आवाजाची स्वतंत्र वाट) एकाच वेळी चालू असताना, एवढं विचारा. तोही आकडा दुप्पट झाला म्हणून आवाज दुप्पट होत नाही. वॅट दुप्पट केले की फक्त ३ डेसिबल वाढतात, आणि कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. त्यापेक्षा स्पीकरची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच वॅटमध्ये तो किती मोठा वाजतो, ते पाहा. ९० डेसिबलचा स्पीकर ८७ डेसिबलच्या स्पीकरइतका आवाज निम्म्या वॅटमध्ये देतो. नेहमीच्या खोलीत, नेहमीच्या आवाजात सिनेमा पाहताना सरासरी काही वॅटच खर्च होतात. बाकीची ताकद अचानक येणाऱ्या धमाक्यांसाठी.

सुरुवात कशी करायची

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे ॲम्प्लिफायर आतच असलेले दोन ॲक्टिव्ह स्पीकर, शक्यतो एचडीएमआय एआरसीचं (टीव्हीचा आवाज एचडीएमआय तारेतूनच स्पीकरकडे आणणारं) तोंड असलेले. पुढे ५.१ करायचंच असं ठरलेलं असेल, तर एव्ही रिसीव्हर आणि दोन साधे स्पीकर घ्या. रिसीव्हरला उरलेली चॅनेल रिकामी ठेवलेली चालतात. सेटिंगमध्ये 'सेंटर नाही' असं सांगितलं की तो संवाद डाव्या-उजव्यात समान वाटतो, आणि मधोमध बसलेल्याला ते पडद्यातूनच आल्यासारखे वाटतात. ॲक्टिव्ह जोडी असेल तर टीव्हीचं ऑडिओ आउटपुट पीसीएमवर (साधा, डॉल्बीत न बांधलेला आवाज) ठेवा.

मधोमध बसलेल्याला, हे मात्र लक्षात घ्या. घरात चार-पाच माणसं सोफ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बसत असतील, तर कडेच्या माणसाला संवाद जवळच्या स्पीकरमधून येतील. अशा घरात पुढची खरेदी सेंटरची, तोही शक्यतो समोरच्या स्पीकरच्याच मालिकेतला, म्हणजे बोलणारा माणूस पडद्यावर सरकला तरी आवाजाचा पोत बदलत नाही. एक-दोघंच पाहणारे असाल तर आधी सबवूफर घ्या. सराउंड सगळ्यात शेवटी. त्यांच्यावर काम कमी असतं, जुने किंवा वेगळ्या कंपनीचेही चालून जातात.

भाड्याचं घर आहे, तारा ओढायच्या नाहीत, तर साउंडबार घ्या, त्यात कमीपणा नाही. फक्त सबवूफर वेगळा असलेला आणि सेंटरचं चॅनेल खरोखर असलेला निवडा. 'व्हर्च्युअल' सराउंडसाठी, म्हणजे बाजूला स्पीकर नसताना तसा भास देण्यासाठी, जादा पैसे मोजू नका. छतावरून आवाज परतवणाऱ्या ॲटमॉस (वरूनही आवाज आल्यासारखा वाटणारा डॉल्बीचा प्रकार) स्पीकरचा विचारही या बजेटमध्ये नको.

जुनं घ्यावं का?

स्पीकर, जरूर. चांगला साधा स्पीकर वर्षानुवर्षं टिकतो. बिघडते ती कोनभोवतीची, म्हणजे स्पीकरच्या हलत्या शंकूभोवतीची, कड. ती फोमची असेल तर दहा-पंधरा वर्षांत भुसभुशीत होऊन तुटू लागते, रबराची असेल तर बरीच जास्त टिकते. जाळी काढून बोटाने हलकेच कड चाचपा, मग बोटं पसरून कोन अलगद, सरळ आत दाबा. खरखर जाणवली तर सोडून द्या. जुन्या रिसीव्हरबाबत मात्र सावध राहा. एचडीएमआयचा बोर्ड गेला की दुरुस्ती परवडत नाही, म्हणून प्रत्येक एचडीएमआय तोंड आणि प्रत्येक चॅनेल चालवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

जोडणी

टीव्हीच्या मागे ज्या एचडीएमआय तोंडावर एआरसी लिहिलंय, त्यातच तार लावा आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये सीईसी (एचडीएमआयने जोडलेली यंत्रं एकमेकांना चालवू शकतात ती सोय) चालू करा. 'आवाजच येत नाही' या तक्रारींपैकी कितीतरी इथेच मिटतात. एआरसी २००९ च्या एचडीएमआय १.४ पासून आहे. पुढचं ईएआरसी २०१७ च्या २.१ बरोबर आलं, पण फक्त त्याच्यासाठी महाग रिसीव्हर घ्यायची गरज बहुतेकांना नसते. ऑनलाइन सिनेमांमधला ॲटमॉस सहसा डॉल्बी डिजिटल प्लसमधून येतो आणि तो साध्या एआरसीतूनही जातो. ब्लू-रे डिस्कवरचा अस्सल, काहीही न गमावलेला आवाज टीव्हीतून रिसीव्हरकडे न्यायचा असेल तरच ईएआरसी लागतं, आणि प्लेअर थेट रिसीव्हरला जोडला तर तेही नाही. जुन्या टीव्हीला ऑप्टिकल तोंड असेल तर तेही वापरा, साधा ५.१ डॉल्बी डिजिटल त्यातून व्यवस्थित येतो.

सोन्याचा मुलामा दिलेल्या महागड्या एचडीएमआय केबलने चित्र किंवा आवाज सुधारत नाही. स्पीकरची तार मात्र शुद्ध तांब्याची घ्या. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार सर्रास मिळते, तिचा रोध जास्त असतो. एक धागा ब्लेडने खरवडा, आतून चंदेरी निघाला तर ती ॲल्युमिनियमची. नेहमीच्या खोलीत ८ ओहमच्या स्पीकरला १६ गेज पुरते (गेजचा आकडा लहान, तितकी तार जाड). अंतर लांब आणि स्पीकर ४ ओहमचे असतील तर १४ गेज.

लाल टोक लालला आणि काळं काळ्यालाच गेलंय ना, हे दोन्ही स्पीकरवर पुन्हा पाहा. एकाच स्पीकरची टोकं उलट लागली तर बास गायब होतो आणि संवाद कुठून येतायत तेच कळत नाही. पुष्कळदा चांगल्या स्पीकरला नावं ठेवली जातात आणि दोष निघतो तो या उलट्या तारेचा.

पैसे न लागणारी सुधारणा

यावर आमचा सगळ्यात जास्त भर आहे. दोन स्पीकर आणि तुमची बसायची जागा यांचा समभुज त्रिकोण करा, ट्वीटर (स्पीकरमधला बारीक सूर काढणारा छोटा भाग) कानाच्या उंचीला आणा. स्पीकर कपाटाच्या खणात आत ढकलू नका, निदान खणाच्या कडेपर्यंत पुढे ओढा. उघडी फरशी आणि काचेच्या मोठ्या खिडक्या असतील तर जाड पडदा आणि सतरंजी यांनी संवाद जेवढे स्पष्ट होतात, तेवढे कित्येकदा नव्या यंत्रानेही होत नाहीत. सराउंड खोलीच्या मागच्या कोपऱ्यांत छताजवळ टांगायची पद्धत पडली आहे, पण त्यांची जागा तुमच्या दोन्ही बाजूंना, किंचित मागे आहे.

सबवूफरसाठी ही युक्ती करून बघा. तुम्ही जिथे बसता तिथे, थेट सोफ्यावर, सबवूफर ठेवा आणि बास असलेलं गाणं लावा. मग सबवूफर जिथे ठेवता येईल अशा जागांवर जाऊन, वाकून, कान जमिनीजवळ नेऊन ऐका. एका ठिकाणी नुसता ढबढबाट येईल, दुसरीकडे बास जवळजवळ नाहीसा होईल, आणि एखाद्या जागी प्रत्येक ठोका सुटा ऐकू येईल. सबवूफर तिथे ठेवा.

आमच्याकडे ऐकायला येताना तुम्ही अनेकदा पाहिलेला, बोलण्याचा भाग जास्त असलेला एखादा प्रसंग फोनमध्ये घेऊन या. दोन स्पीकरची तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा करायला आम्हाला सांगा, कारण जो जरा मोठ्याने वाजतो तोच कानाला चांगला वाटतो. खोलीची लांबी-रुंदी, टीव्हीपासून सोफ्याचं अंतर आणि टीव्हीच्या मागच्या तोंडांचा एक फोटो सोबत असला, तर काय घ्यायचं आणि काय पुढच्या वर्षावर टाकायचं ते एका बैठकीत ठरवता येतं.