व्होकोडर : गृहध्वनिमुद्रणातील उपयोग

व्होकोडर म्हणजे एका ध्वनीचे उच्चारण दुसऱ्या ध्वनीवर चढवणारे विद्युत् किंवा संगणकीय साधन. बोलणाऱ्या माणसाच्या आवाजातून स्वर-व्यंजनांची घडण तेवढी उचलून ती सिंथेसायझर, हार्मोनियम किंवा अशाच एखाद्या सलग नादावर बसवली की तो नादच बोलू लागल्याचा भास होतो. ‘यंत्रमानवाचा आवाज’ म्हणून परिचित असलेला परिणाम तो हाच. ‘व्हॉइस’ आणि ‘कोडर’ या शब्दांच्या जोडणीतून हे नाव सिद्ध झाले. मुळात हे दूरध्वनीचे यंत्र होते. संगीताशी त्याचा संबंध बराच नंतर आला.

उगमाचे वर्ष सर्वत्र एकच दिलेले नसते. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतील अभियंता होमर डडली याने १९२८ च्या सुमारास या कल्पनेवर काम सुरू केले, १९३५ मध्ये एकस्वासाठी (पेटंटसाठी) अर्ज केला आणि ते त्याला १९३९ मध्ये मिळाले. या तिन्हींपैकी कोणतेही वर्ष ‘शोधाचे वर्ष’ म्हणून छापले जाते. कल्पनेचा उगम विचारला असेल तर १९२८ धरणे अधिक सयुक्तिक वाटते. १९३९ हे प्रसिद्धीचे वर्ष आहे. डडलीचा प्रश्न तारांचा होता. दूरध्वनीवरील बोलण्याला सुमारे ३,००० हर्ट्झचा (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला एक कंपन) कंपनपट्टा लागतो. पण ओठ, जीभ आणि जबडा यांच्या हालचाली फार मंद असतात, सेकंदाला जेमतेम पंचवीसच्या आतबाहेर. बोलण्यातील माहिती या मंद हालचालींत आहे आणि कंठातून निघणारा नाद हा केवळ तिचा वाहक आहे, असे त्याने मांडले. तसे असेल तर साधारण दहा कंपनपट्ट्यांतील चढउतार तेवढे तारेवरून धाडून पलीकडच्या टोकाला कृत्रिम नादातून बोलणे पुन्हा उभे करता येते.

१९३९ च्या न्यूयॉर्क येथील जागतिक प्रदर्शनात लोकांनी ऐकलेले यंत्र व्होकोडर नव्हते, ‘व्होडर’ होते. ही गल्लत पुष्कळ ठिकाणी आढळते. व्होडरला आवाज ऐकवावा लागत नसे. प्रशिक्षित स्त्रिया बोटांच्या पट्ट्या, मनगटाची दांडी आणि पायपट्टी यांच्या साह्याने त्याच्याकडून शब्द वाजवून घेत. व्होकोडरचे विश्लेषण करणारे अर्धे अंग काढून उरलेल्या अंगाला पेटीसारख्या पट्ट्या बसवल्या, असे त्याचे वर्णन करता येईल. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ पासून, व्होकोडरच्याच तत्त्वावर उभारलेल्या ‘सिगसॅली’ या गुप्त दूरध्वनी व्यवस्थेतून वॉशिंग्टन आणि लंडन यांच्यात संभाषणे होत असत. तिच्या एका केंद्रातील सामग्रीचे वजन ५० टनांहून अधिक होते.

संगीतात व्होकोडर प्रथम कोणी आणला, याबद्दल एकमत नाही. जर्मन शास्त्रज्ञ व्हेर्नर मायर-एप्लर याला डडलीने १९४८ मध्ये हे यंत्र दाखवले आणि पुढे मायर-एप्लरने कृत्रिम नादनिर्मितीवरील आपल्या लेखनात त्याची दखल घेतली. म्यूनिक येथील सीमेन्सच्या स्टुडिओतही १९५० च्या दशकाच्या अखेरीस व्होकोडर होता. मात्र गायनासाठी मुद्दाम बांधलेले आणि सर्वदूर ऐकले गेलेले उपकरण म्हणून सिंथेसायझर बनवणारा रॉबर्ट मूग आणि संगीतकार वेंडी कार्लोस यांच्या १९७० च्या दहा कंपनपट्ट्यांच्या व्होकोडरकडे बोट दाखवणे योग्य ठरेल. बेथोव्हेनच्या नवव्या सिंफनीतील समूहगान त्यातून गाऊन घेण्यात आले. त्यानंतर कॉर्ग कंपनीचा व्हीसी-१० (१९७८) आणि रोलंड कंपनीचा व्हीपी-३३० (१९७९) यांनी तो वाद्यांच्या दुकानापर्यंत आणला. २००२ मध्ये आलेल्या मायक्रोकॉर्ग या लहान कीबोर्डातही आठ कंपनपट्ट्यांचा व्होकोडर आहे.

नावांचा आणखी एक गोंधळ येथेच निस्तरलेला बरा. टॉक बॉक्समध्ये वाद्याचा नाद नळीतून प्रत्यक्ष तोंडात सोडतात आणि तोंडच त्याला आकार देते. १९९७ मध्ये आलेले ऑटो-ट्यून गायकाचाच आवाज ठेवते आणि फक्त त्याचा सूर सरकवते. १९९८ मध्ये शेर या अमेरिकी गायिकेच्या गाजलेल्या गीतातील तुटक आवाज व्होकोडर-पद्धतीच्या यंत्राचा असल्याचे तिच्या निर्मात्यांनी प्रथम सांगितले होते. तो ऑटो-ट्यूनचा असल्याचे नंतर उघड झाले. ‘फेज व्होकोडर’ हे १९६६ मधील तंत्र ताल-सूर वेगवेगळे ताणण्यासाठी आहे आणि त्याचा येथील परिणामाशी केवळ नावापुरता संबंध उरतो.

रचना : येणारा आवाज गाळण्यांच्या (फिल्टरांच्या) रांगेतून जातो आणि त्याचे आठ, सोळा किंवा वीस पट्टे पडतात. प्रत्येक पट्ट्यात या क्षणी किती जोर आहे ते एक मापक सतत टिपतो. दुसरा, सलग नाद तशाच गाळण्यांतून जात असतो. पहिल्या आवाजाच्या पट्ट्यातील जोरानुसार दुसऱ्याचा तोच पट्टा उघडतो किंवा मिटतो. पहिल्याला मॉड्युलेटर आणि दुसऱ्याला कॅरिअर म्हणतात. यातून निघणारी महत्त्वाची गोष्ट अशी की मॉड्युलेटरचा सूर पूर्णपणे टाकून दिला जातो. गायकाने कितीही सुरेल मींड घेतली तरी ती बाहेर येत नाही. मींड हवी असेल तर ती कॅरिअर वाजवणाऱ्याने पिच व्हीलवर (कीबोर्डवरील सूर सरकवणाऱ्या चाकावर) घ्यावी लागते. म्हणून व्होकोडरसाठी गाण्यापेक्षा ठसठशीत बोलणेच बरे.

कॅरिअर स्वरांशांनी, म्हणजे मूळ सुराबरोबर उमटणाऱ्या वरच्या सुरांनी, भरगच्च हवा. सिंथेसायझरची करवती लहर (सॉटूथ) यासाठी सर्वाधिक वापरतात. हार्मोनियमचा धरलेला सूर चांगला चालतो, पण भाता बदलताना खंड पडला की शब्दही तुटतो. तंबोऱ्याचा जवारीदार नाद स्वरांशांनी समृद्ध असला तरी छेडल्यावर विरत जातो, म्हणून त्याला आधी कॉम्प्रेसरने (आवाजातील चढउतार कमी करणाऱ्या साधनाने) सपाट करावे लागते. बासरी मात्र निरुपयोगी ठरते, कारण तिच्या वरच्या पट्ट्यांत उघडण्याजोगे फारसे काही नसतेच.

मराठीची अडचण व्यंजनांत आहे. ‘साखर पेठ’ हे शब्द आठ पट्ट्यांच्या व्होकोडरमधून नुसत्या करवती लहरीवर बोलले तर साधारणतः ‘आकर पेट’ असे ऐकू येतात : ‘स’चा जोर ४,००० हर्ट्झच्या वर असतो आणि तेथे खालच्या सुरातील कॅरिअर दुबळा असतो; ‘ख’ आणि ‘ठ’ यांतील प्राण म्हणजे श्वासाचा क्षणिक खळाळ, त्याला उमटायला कॅरिअरमध्ये खळाळच नसतो. उपाय दोन आहेत. कॅरिअरमध्ये थोडा पांढरा गोंगाट (व्हाइट नॉइज, म्हणजे सर्व पट्ट्यांत पसरलेला खळाळ) मिसळावा, किंवा मूळ आवाजातील सुमारे ५,००० हर्ट्झच्या वरचा भाग तसाच पुढे सोडावा. ‘ल’ आणि ‘ळ’ यांतील फरक राखायला पट्टे अरुंद, म्हणजे संख्येने अधिक लागतात. मापकाचा उतरण्याचा वेळ लांबवला तर जोडाक्षरे एकमेकांत मिसळतात. तो २० ते ४० मिलिसेकंदांच्या दरम्यान ठेवून कानाने ठरवावा. पट्टे वाढवत गेले की शब्द स्पष्ट होतो, पण यांत्रिकपणाही ओसरतो.

घरातील मांडणी साधी असते. संगणकावरील ध्वनिमुद्रण-प्रणालींपैकी रीपरमधील रीआव्होकोड, एफएल स्टुडिओमधील व्होकोडेक्स, एबल्टन लाइव्हमधील व्होकोडर ही तयार साधने आहेत. ऑडॅसिटीतील व्होकोडर स्टिरिओ ट्रॅकची डावी बाजू आवाज आणि उजवी बाजू कॅरिअर मानतो. आवाज कोरा मुद्रित करावा आणि परिणाम नंतर चढवावा. मूळ आवाज अगदी हलका खाली मिसळला तर शब्द पकडायला श्रोत्याला आधार मिळतो.

सोलापुरात, विशेषतः पूर्व भागात, घराला लागून यंत्रमाग चालत असतील तर अडचण निराळी असते. साध्या मुद्रणात मागाची खटखट पार्श्वभूमीला राहते. व्होकोडर मात्र तिलाही बोलणेच समजतो, आणि दोन शब्दांमधल्या शांततेत प्रत्येक ठोक्यागणिक कॅरिअरचा सूर ठणकतो. माईकच्या मागे दोन सोलापुरी चादरी दुहेरी टांगल्या तर खोलीतला घुमारा आणि वरचे आवाज बऱ्यापैकी शोषले जातात, परंतु मागाचा खालचा धक्का जाड कापसालाही जुमानत नाही. त्यासाठी मॉड्युलेटरवर १२० हर्ट्झच्या खालचा भाग कापणे, त्यापुढे नॉइज गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारे साधन) लावणे आणि माईकपासून चार बोटांवर बोलणे, हा क्रम उपयोगी पडतो. एप्रिल-मेमध्ये पंखा बंद करून बसावे लागते, हे वेगळे सांगायला नको. वीज गेली की माग आपोआप थांबतात, आणि बॅटरी भरलेली असेल तर लॅपटॉपवर तेवढ्यात दोन-तीन ओळी निवांत मुद्रित होतात.

शहरातील अनेक घरांत तेलुगू आणि कन्नड बोलली जाते. तेलुगू शब्द बहुधा स्वरान्त असल्यामुळे व्होकोडरमध्ये त्यांचा शेवट ठळकपणे ऐकू येतो, तर ‘माग’, ‘सूत’, ‘पेठ’ यांसारख्या मराठी शब्दांतील अंत्य व्यंजन गेट लवकर मिटल्यास गिळले जाते. अशा वेळी गेटचा मिटण्याचा वेळ थोडा वाढवावा.