दुपारी पाहिलेला आर्क मध्यरात्री का दुखतो?

खिडकीची ग्रिल बसवायला आलेल्या वेल्डरला एक हात कमी पडतो, म्हणून घरातलेच कोणीतरी पुढे होऊन लोखंडी अँगल धरते. आर्क, म्हणजे रॉड आणि लोखंड यांच्यामधली विजेची झगझगीत ज्योत, पेटला की ते मान वळवते, डोळे किलकिले करते, आणि दहा-पंधरा टाके मारून काम संपल्यावर चहा होतो. संध्याकाळ व्यवस्थित जाते. रात्री दोनच्या सुमारास मात्र डोळ्यांत मूठभर वाळू टाकून वरून पापण्या चोळाव्यात तशा वेदना सुरू होतात, पाण्याची धार लागते आणि दिव्याचा प्रकाशही सहन होत नाही. कारखान्यांतील लोक याला ‘वेल्डिंग लागली’ असे म्हणतात. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षी कार्यशाळेत टॅक (तुकडे जागेवर धरणारा छोटा टाका) मारताना काळी काच डोळ्यांसमोर आणायचा कंटाळा केल्यामुळे मी ही रात्र स्वतः काढली आहे. ‘एवढ्या आगीकडे पाहिल्यावर डोळे भाजणारच’ हे घरातील निदान मीही पुढे कित्येक वर्षे खरे मानले.

ते निदान चूक आहे, आणि या चुकीची किंमत मोजावी लागते. डोळे झळीने भाजतात असे ज्याला वाटते, तो झळ लागत नाही इतक्या अंतरावर निर्धास्त उभा राहतो. डोळे दिपल्याने त्रास होतो असे ज्याला वाटते, तो साधा काळा गॉगल लावून समाधान मानतो. प्रत्यक्षात इजा करणारा प्रकाश गरमही लागत नाही आणि दिसतही नाही.

दहा नंबरची वेल्डिंग रॉड साधारण १०० अँपिअरवर चालवली, तर आर्कवरील विजेचा दाब २५ व्होल्टच्या आसपास असतो. म्हणजे अडीच किलोवॉट शक्ती, घरातल्या मोठ्या गिझरएवढी, वाटाण्याएवढ्या जागेत कोंबलेली असते. तिथल्या वायूचे तापमान सुमारे ६००० अंश सेल्सिअस किंवा त्याहूनही अधिक होते, तर सूर्याच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ५५०० अंश आहे. इतक्या तापलेल्या वायूतून दृश्य प्रकाशाबरोबर अतिनील किरणही बाहेर पडतात, आणि त्यांत २८० नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचे, ‘सी’ गटातले अतिनील किरणही असतात. सूर्यही ते सोडतो, परंतु वातावरणातील ऑक्सिजन आणि ओझोन त्यांना वरच्या वर शोषून घेत असल्यामुळे ते आपल्यापर्यंत पोहोचत नाहीत. जमिनीवरच्या सजीवांच्या डोळ्यांना या किरणांची सवय लागण्याचे कारणच पडले नाही. आर्क आणि डोळा यांच्यामध्ये मात्र हातभर हवेखेरीज काहीही नसते.

आता या किरणांचा डोळ्यावर नेमका काय परिणाम होतो ते पाहू. या विषयातला मला सर्वांत आवडणारा भाग हाच आहे. प्रकाश ऊर्जेच्या सुट्या पुडक्यांत येतो आणि तरंगलांबी जितकी कमी तितके पुडके मोठे. हिरव्या प्रकाशाच्या एका पुडक्यात साधारण सव्वादोन इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा असते, तर २७० नॅनोमीटरच्या अतिनील पुडक्यात सुमारे ४.६. सेंद्रिय रेणूंमध्ये कार्बनचे दोन अणू एकमेकांना धरून ठेवतात तो साधा बंध तोडायला सुमारे साडेतीन इलेक्ट्रॉनव्होल्ट पुरतात. हिरव्या प्रकाशाची कितीही पुडकी येऊन आदळली तरी, एकेकटे पुडके अपुरे असल्याने, त्यांच्याकडून रेणूची मोडतोड होत नाही, फार तर रेणू थोडे तापतात. अतिनील किरणाचे एकच पुडके रेणूची रचना बदलू शकते. त्यातही पेशीतील डीएनए नेमका २६० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश सर्वाधिक शोषतो. तो शोषला की डीएनएच्या साखळीत शेजारी असलेले थायमिनचे दोन घटक एकमेकांना चिकटून बसतात आणि त्या जागी मजकूर वाचता येईनासा होतो.

येथे एक हिशेब करून पाहण्यासारखा आहे. २७० नॅनोमीटरच्या किरणांसाठी आठ तासांच्या कामाच्या दिवसाला मान्य असलेली मर्यादा दर चौरस मीटरला ३० ज्यूल, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ३ मिलिज्यूल आहे. डोळ्याचा पारदर्शक पडदा, म्हणजे स्वच्छमंडल, क्षेत्रफळाने एका चौरस सेंटिमीटरपेक्षा थोडेसेच मोठे असते. तीन मिलिज्यूल उष्णता पाण्याच्या एका थेंबाला दिली तर त्याचे तापमान अंशाच्या शंभराव्या भागाएवढे, फार तर दीड शतांश अंश वाढेल. उष्णता म्हणून ही रक्कम हास्यास्पद आहे. पण तेवढ्याच ऊर्जेत अतिनील किरणांची पुडकी किती, असे विचारले तर उत्तर चारावर पंधरा शून्ये असे येते, आणि त्यांतले प्रत्येक पुडके एखादा रेणू बिघडवण्याच्या ताकदीचे असते.

वेदना उशिरा का होतात, याचे उत्तर येथे सापडते. स्वच्छमंडलावर पाच ते सात थरांची, सुमारे ५० मायक्रोमीटर जाडीची पेशींची साल असते. ही साल या किरणांचा मोठा भाग शोषून घेते. पेशी त्या क्षणी मरत नाही. तिचा आराखडा बिघडलेला असतो. नुकसान दुरुस्तीपलीकडचे आहे असे ठरले की पेशी स्वतःला शिस्तीने संपवण्याची प्रक्रिया सुरू करते आणि त्या प्रक्रियेला काही तास लागतात. म्हणून आर्क पाहिल्यानंतर साधारण सहा ते बारा तासांनी वरच्या पेशी गळू लागतात. या सालीत मज्जातंतूंची टोके इतकी दाटीने पसरलेली असतात, की शरीरात इतरत्र त्याला तोड मिळणे कठीण आहे. साल गेली की ती टोके उघडी पडतात आणि प्रत्येक उघडझापीला पापणी त्यांच्यावरून फिरते. ती ‘वाळू’ म्हणजे आपलीच पापणी होय. समाधानाची गोष्ट अशी, की तळाच्या पेशी बहुधा शाबूत असतात आणि एक ते तीन दिवसांत नवी साल तयार होते.

हे उष्णतेचे काम नव्हे अशी शंका फार जुनी आहे. वेल्डिंगचा धंदा सुरू होण्यापूर्वीच, १८५८ मध्ये, फ्रेंच वैद्य शार्को यांनी विजेच्या आर्कवर प्रयोग करताना चेहरा भाजलेल्या आणि डोळे दुखावलेल्या दोघांचे वर्णन करून त्याचा ठपका उष्णतेवर नव्हे, तर प्रकाशातील ‘रासायनिक’ किरणांवर ठेवला होता. पुढे १८८९ मध्ये स्वीडनचे नेत्रवैद्य विडमार्क यांनी आर्कचा प्रकाश गाळून पाहिला, आणि दोष अतिनील किरणांचाच असल्याचे दाखवून दिले.

या यंत्रणेचा व्यवहारातला सर्वांत महत्त्वाचा परिणाम असा, की येथे मात्रा साठत जाते. एका सेकंदाचे दहा टॅक आणि सलग दहा सेकंदांचा एक टाका यांत पेशीच्या दृष्टीने जवळजवळ काहीच फरक नाही. संपूर्ण सांधा भरताना वेल्डर काच धरतोच. ‘नुसता एक टॅक मारायचा आहे’ असे म्हणून तो डोळे मिटून रॉड टेकवतो, तिथे फसतो, कारण पापणी मिटायच्या आत दरवेळी थोडी रक्कम खात्यावर चढते. हाताच्या अंतरावरून पाहणाऱ्याची दिवसभराची मर्यादा काही सेकंदांतच संपू शकते. अंतर दुप्पट केले की मात्रा चौथाई होते हे खरे, पण चुन्याची भिंत, चकचकीत पत्रा किंवा ॲल्युमिनियम यांवरून परावर्तित किरण पाठीमागूनही येतात. म्हणूनच मान वळवून उभ्या असलेल्या मदतनीसाला पुष्कळदा वेल्डरपेक्षा जास्त त्रास होतो.

काळ्या काचेवरचा आकडा म्हणजे काय, हे फार थोड्यांना ठाऊक असते. आकडा एकने वाढला की काचेतून येणारा दृश्य प्रकाश सुमारे २.७ पटींनी कमी होतो. एक नंबर म्हणजे पूर्ण पारदर्शक असे धरले, तर दहा नंबरची काच ७२०० भागांतला केवळ एक भाग आत सोडते आणि अकरा नंबरची १९,००० भागांतला एक. शंभर अँपिअरच्या आसपास दहा नंबर योग्य ठरते, करंट वाढवला की काचही वाढवावी. हा काळेपणा मात्र दृश्य प्रकाशापुरता आहे. अतिनील किरण अडवण्यासाठी काच काळी असण्याची गरज नसते आणि साधी खिडकीची काचदेखील त्यांतले सर्वांत घातक किरण अडवते. मग चष्मा पुरेसा नाही का? नाही, कारण कडेने किरण येतच राहतात, आणि अतिनील अडले तरी तीव्र निळा प्रकाश व अवरक्त (उष्णता वाहणारे, न दिसणारे) किरण डोळ्याच्या भिंगातून एकवटून थेट दृष्टिपटलावर पडतात. स्वच्छमंडलाची साल पुन्हा उगवते. दृष्टिपटल तसे उगवत नाही.

आपोआप काळे होणारे हेल्मेट घ्यावे की नाही, यावर फॅब्रिकेशनवाल्यांत बराच वाद ऐकू येतो. ‘काळे व्हायला क्षणभर उशीर झाला तर?’ ही भीती त्यामागे असते. चांगल्या प्रतीच्या अशा हेल्मेटात अतिनील आणि अवरक्त किरण अडवणारा थर कायमचा असतो. आर्क पेटल्यावर बदलतो तो केवळ द्रवस्फटिकाचा काळेपणा. म्हणजे बॅटरी संपलेली असली तरी डोळे दिपतील, पण साल जाणार नाही. मात्र हे प्रमाणित मालाबद्दल खरे आहे. रस्त्यावर मिळणाऱ्या निनावी मालाची हमी कोण देणार?

त्रास झालाच तर उपायांची जी यादी आपल्याकडे पुढे येते, ती वाचूनच डोळे दुखावेत: कच्च्या बटाट्याच्या चकत्या, एरंडेल, गुलाबपाणी, बाळंतिणीचे दूध. गारव्याने बरे वाटते हे खरे असले तरी साल गेलेल्या डोळ्यावर मातीतला बटाटा ठेवणे म्हणजे जंतूंना आवतण देणे आहे. त्याहून धोक्याचे आहेत ते औषधाच्या दुकानातून चिठ्ठीविना आणलेले बधिर करणारे थेंब. ते घालताच जादू झाल्यासारखे वाटते, परंतु पुन्हा पुन्हा घातल्यास जखम भरणे थांबते आणि स्वच्छमंडल कायमचे गढूळ होऊ शकते. डॉक्टर ते तपासणीपुरते वापरतात, घरी देत नाहीत, यामागे हेच कारण आहे. अंधारी खोली, स्वच्छ गार पाण्याची पट्टी, साधी वेदनाशामक गोळी आणि सकाळी नेत्रतज्ज्ञ, एवढे पुरे. वेदना एकाच डोळ्यात आणि काम चालू असतानाच सुरू झाली असेल, तर मात्र तो आर्क नसून ग्राइंडरचा किंवा स्लॅगचा (टाक्यावर जमणाऱ्या कवचाचा) कण असण्याची शक्यता अधिक, आणि तिथे सकाळची वाट पाहू नये. आर्कमुळे कॉन्टॅक्ट लेन्स डोळ्याला वितळून चिकटते ही कित्येक दशके फिरणारी भीती निखालस खोटी आहे.

डोळ्यांबद्दल इतके लिहिले असले तरी, जीव जातो तो बहुधा विजेने, हे मान्य केले पाहिजे. रॉड टेकवण्यापूर्वी होल्डरवर, म्हणजे रॉड पकडणाऱ्या मुठीवर, ५० ते ८० व्होल्टचा दाब असतो. कोरड्या हाताला तो बऱ्याचदा जाणवतही नाही, आणि त्यातूनच ‘वेल्डिंगचा करंट काही करत नाही’ ही समजूत पसरते. घामाने किंवा पावसाने भिजलेल्या शरीराचा रोध हजार ओहमपर्यंत उतरतो. ७० व्होल्टला हजाराने भागले की ७० मिलिअँपिअर येतात, आणि एसी मशीनचा इतका प्रवाह छातीतून सेकंदभर टिकला तर हृदयाचे ठोके विस्कळीत होण्यास पुरेसा ठरू शकतो. श्रावण-भाद्रपदात, गणपतीच्या मांडवाचे लोखंडी सांगाडे ओल्या जमिनीवर उभे राहत असतात, तेव्हा नेमकी हीच स्थिती असते. मुख्य बोर्डावरचा गळतीरक्षक स्विच (वीज गळताच पुरवठा तोडणारा) येथे उपयोगी पडत नाही, कारण मशीनमधील ट्रान्सफॉर्मरने पलीकडची बाजू वेगळी केलेली असते आणि तिथला झटका त्या स्विचला दिसतच नाही. मशीनकडे येणाऱ्या वायरीसाठी मात्र तो हवाच. प्लगशिवाय उघडी टोके काडेपेटीच्या काडीने सॉकेटात खोचणाऱ्यांसाठी तर विशेषच. कोरडे, न फाटलेले हातमोजे, रबरी तळाचे बूट, बसायला कोरडी फळी, आणि होल्डर काखेत न धरण्याची सवय यांना पर्याय नाही. ज्याला आपण ‘अर्थिंग’ म्हणतो तो चिमटाही खरे तर अर्थिंग नसून प्रवाहाची परतीची वाट आहे. तो सांध्याच्या जवळ, रंग खरवडून लावावा.

धुराबाबत थोडक्यात. जस्ताचा मुलामा असलेला पाइप जोडला की काही तासांनी हुडहुडी भरून ताप येतो आणि बहुधा दीड-दोन दिवसांत उतरतो. त्यावर गूळ खाण्याची प्रथा सर्वत्र आहे, परंतु गूळ पोटात जातो आणि धूर फुप्फुसात. २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या तज्ज्ञगटाने वेल्डिंगचा धूर आणि वेल्डिंगचे अतिनील किरण या दोहोंना मानवात निश्चित कर्करोगकारक ठरवले आहे. आणखी एक सापळा पुन्हा त्याच किरणांचा आहे: ग्रीस काढायला वापरलेल्या क्लोरीनयुक्त द्रावणाची वाफ आर्कजवळ असली, तर उष्णता आणि अतिनील किरणांनी तिच्यापासून फॉस्जीन हा विषारी वायू बनू शकतो.

शेवटी, एका क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूकडे लक्ष वेधतो. हँड शील्डमधील, म्हणजे वेल्डर हातात धरतो त्या मुखवट्यातील, काळ्या काचेच्या पुढे एक साधी पांढरी काच असते, जी ठिणग्या झेलून महिनाभरात पुरळ आल्यासारखी खडबडीत होते. ती धुरकटली की टाका दिसेनासा होतो, आणि टाका दिसेना म्हणून वेल्डर शील्ड बाजूला करून डोकावतो. ही काच थोड्या रुपयांत मिळते. ग्रिल बसवायला वेल्डर आला, की चहा विचारण्याआधी त्याची ती काच एकदा पाहावी, आणि अँगल धरणाऱ्यासाठी दुसरे शील्ड आणले आहे का, तेही विचारावे.