वाळलेली रोझमेरी केसांपर्यंत कशी आली

रोझमेरी हे मूळचे भूमध्य समुद्राच्या काठावरच्या कोरड्या, खडकाळ जमिनीतले सदाहरित झुडूप असून ‘समुद्राचे दव’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दांवरून त्याला हे नाव मिळाले. इ.स. 800 च्या सुमारास पश्चिम युरोपातील फ्रँक राजा शार्लमेनच्या राज्यात निघालेल्या, शाही बागांत काय लावावे हे सांगणाऱ्या आज्ञापत्रात ते आढळते. 1753 मध्ये स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने त्याला दिलेल्या नावातला ‘ऑफिसिनॅलिस’ हा शब्द औषधशाळेत वापरल्या जाणाऱ्या वनस्पतींसाठी असे. अलीकडे, 2017 मध्ये, त्याची गणना साल्व्हिया या प्रजातीत (जीनसमध्ये) होऊ लागली.

मद्यार्कात रोझमेरी घालून ऊर्ध्वपातनाने काढलेले ‘हंगेरी वॉटर’ युरोपात सुगंधी द्रव्य आणि औषध म्हणून नावाजले गेले. ते हंगेरीच्या राणीसाठी बनवले गेल्याची कथा मात्र दंतकथाच मानावी. घराघरांत यापेक्षा साधी रीत होती. पाने उकळून गाळलेले पाणी न्हाणे झाल्यावर केसांवरून ओतत. गडद केसांना रोझमेरी आणि सोनेरी केसांना कॅमोमाइल, असा संकेत रूढ होता, आणि केस चमकदार व्हावेत, कोंडा जावा, गळती थांबावी अशा साऱ्याच अपेक्षा त्या पाण्याकडून केल्या जात.

वाळलेल्या पानांचे महत्त्व इथेच आहे. सुईसारखे, कडा खाली मुडपलेले आणि खालून पांढुरकी लव असलेले हे पान वाळले तरी त्याच्या सूक्ष्म तैलग्रंथींतला बराच सुगंध टिकतो. चिमूटभर पाने बोटांत चुरडली की कापराची आठवण व्हावी असा दर्प येतो. शिवाय ताज्या पानांतले पाणी तेलात उतरून तेल बिघडण्याची भीती असते, ती वाळलेल्या पानांत राहत नाही.

शास्त्रीय तपासणी फार उशिरा झाली, आणि ती पानांची नव्हे, तेलाची झाली. 1998 मध्ये स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे चाईच्या 86 रुग्णांवर थाइम, लॅव्हेंडर, सीडरवुड आणि रोझमेरी या तेलांच्या मिश्रणाचा प्रयोग झाला. सात महिन्यांनी तेले लावणाऱ्यांपैकी 44 टक्के रुग्णांत सुधारणा दिसली, तर केवळ वाहक तेल, म्हणजे ही तेले ज्यात मिसळतात ते साधे तेल, लावणाऱ्यांत 15 टक्के. 2015 मध्ये इराणी संशोधकांनी शंभर पुरुषांवर रोझमेरी तेलाची 2 टक्के मिनॉक्सिडिल या केसगळतीवरच्या औषधाशी तुलना केली. तीन महिन्यांत लक्षणीय फरक नव्हता. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत केसांची संख्या वाढलेली आढळली. मात्र त्यात काहीच औषध न लावणारा गट नव्हता, ही उणीव मला मोठी वाटते.

आज महाराष्ट्रातही माका, जास्वंद, कढीपत्ता यांच्या जोडीने ही पाने खोबरेलात कढवली जातात, किंवा त्यांचा काढा बाटलीत भरून फवारला जातो. दोन्हींत एकच गुण उतरतो असे नाही: पानांतले रोझमॅरिनिक आम्ल पाण्यात, तर कार्नोसिक आम्ल तेलात चांगले विरघळते. काढ्यावर झाकण न ठेवल्यास सुगंधी द्रव्ये वाफेबरोबर उडतात, आणि परिरक्षक नसल्याने तो फ्रीजमध्येही काही दिवसच टिकतो.