डॅशबोर्डमधलं भोक आणि त्यामागची नव्वद वर्षं

जुनी गाडी कामाला काढली की इंजिनाचा मिस्त्री सापडतो, डेंटिंग-पेंटिंगवाला सापडतो, सीट शिवणारा तर गावोगावी असतो. गाडी अडते ती रेडिओपाशी. डॅशबोर्डच्या मधोमध एक भोक असतं. कधी त्यावर कंपनीने लावलेली कोरी पट्टी तशीच असते. बहुतेक वेळा मात्र कुणीतरी हॅक्सॉने कडा कातरलेल्या असतात आणि आतून ऐंशीच्या दशकातल्या कॅसेट प्लेअरच्या तुटक्या वायरी डोकावत असतात. मालकाला तिथे 'ओरिजिनल' रेडिओ हवा असतो. ओरिजिनल म्हणजे कुठला, असं विचारलं की मात्र तो विचारात पडतो. त्याचा दोष नाही. गाडी आणि रेडिओ यांचा संसार पहिल्या दिवसापासून ओढाताणीचा होता.

१९३० साली शिकागोतल्या गॅल्विन मॅन्युफॅक्चरिंग कंपनीने गाडीत बसवायचा एक रेडिओ बाजारात आणला. पॉल गॅल्विन यांनी 'मोटर'ला शेपूट जोडून त्याचं नाव ठेवलं मोटोरोला. ते इतकं चाललं की १९४७ मध्ये कंपनीनेच ते स्वतःला लावून घेतलं. त्या काळात रेडिओ बसवणं म्हणजे छोटी शस्त्रक्रियाच. व्हॉल्व्हना, म्हणजे त्या काळच्या रेडिओतल्या काचेच्या नळ्यांना, लागणारा जास्त व्होल्टेज गाडीच्या बॅटरीतून मिळत नसे, म्हणून वेगळ्या बॅटऱ्या गाडीच्या तळाशी बसवाव्या लागत. एरियल (अँटेना) म्हणून कापडी छताच्या आत तारेची जाळी पसरत. १९३५ च्या मॉडेलांपासून जनरल मोटर्सने अखंड पोलादी छत आणलं आणि ही जाळी निकामी झाली, कारण पत्र्याच्या पेटीत लहरी शिरणार कुठून? मग एरियल पायरीच्या फळीखाली गेली आणि पुढे मडगार्डवर काठीसारखी उभी राहिली. आज आपल्याला 'क्लासिक' वाटणारी ती लांब दांडी खरं तर पोलादी छताने लादलेली तडजोड आहे.

युरोपात ब्लाउपुंक्ट या जर्मन कंपनीने १९३२ मध्ये एएस ५ हा संच आणला आणि एका स्टुडबेकर गाडीत बसवला. किंमत ३६५ राइखमार्क, म्हणजे छोट्या गाडीच्या किमतीचा सुमारे तिसरा हिस्सा. संच इतका अवजड की चालकाच्या हाताशी मावेना, म्हणून त्याची बटणं स्टिअरिंगच्या दांड्याला जोडली होती. तिसाच्या दशकातल्या बऱ्याच गाड्यांत हीच पद्धत दिसते: मुख्य पेटी आत इंजिनाच्या पडद्याला, आणि समोर फक्त एक छोटी तबकडी, लवचीक केबलने जोडलेली. त्या काळातल्या गाडीच्या डॅशबोर्डमध्ये कुणी रेडिओचा मोठा चेहरा बसवला असेल, तर तो कितीही जुना दिसला तरी त्या गाडीचा नव्हे.

आता त्या वेगळ्या बॅटऱ्यांची जागा घेणाऱ्या व्हायब्रेटरबद्दल थोडं सविस्तर, कारण जुन्या रेडिओशी खेळणाऱ्याला तो भेटल्याशिवाय राहत नाही. व्हॉल्व्हला दोनशेच्या आसपास व्होल्ट हवेत आणि गाडीची बॅटरी देते सहा किंवा बारा. ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज चढवता येतो, पण त्याला सतत बदलणारा प्रवाह लागतो आणि बॅटरीचा प्रवाह सरळ. तोडगा असा निघाला की पत्र्याच्या डबीत एक पोलादी पात बसवायची. ती सेकंदाला शंभराच्या आसपास वेळा थरथरते आणि प्रवाह सतत तोडते-जोडते. तो तुकड्या-तुकड्यांचा प्रवाह ट्रान्सफॉर्मर वर चढवतो. जुना रेडिओ लावल्यावर गाणं यायच्या आधी जी बारीक घुंई ऐकू येते, ती या पातीची. तिचे संपर्कबिंदू झिजतात, चिकटतात आणि मग फ्यूज उडतो. आता व्हायब्रेटरच्या त्याच डबीत ट्रान्झिस्टरचं सर्किट भरून मिळतं. खाली खुंट्याही तशाच असतात, आवाज मात्र नसतो. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी असा बिनआवाजाचा व्हायब्रेटर बसवला आणि आठवड्याभरात काढून जुना परत लावला. म्हणाले, घुंई नाही तर रेडिओ तापतोय हे कळायचं कसं?

१९५५ मध्ये फिल्को आणि क्रायस्लर यांनी पूर्ण ट्रान्झिस्टरचा गाडी-रेडिओ आणला, किंमत १५० डॉलर. व्हायब्रेटर, ट्रान्सफॉर्मर, तापण्याची वाट, सगळं एका फटक्यात गेलं. पण एक नवी अडचण आली आणि आजचे निम्मे रेडिओ तिच्यामुळेच जळतात. व्हायब्रेटरवाल्या बऱ्याच संचांना बॅटरीचं कुठलं टोक बॉडीला जोडलंय याने फरक पडत नसे. ट्रान्झिस्टरला पडतो. ब्रिटिश गाड्यांत साठच्या दशकापर्यंत पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडण्याची रीत होती, आजच्या गाड्यांत निगेटिव्ह असतं. म्हणून मॉरिससारख्या जुन्या ब्रिटिश गाडीत नवा संच लावायचा तर आधी मीटर लावून अर्थिंग बघावं. संचाची धातूची पेटी थेट डॅशबोर्डच्या पत्र्याला टेकली तर शॉर्ट ठरलेला. काही जण सगळ्या गाडीचं अर्थिंगच उलटं करून घेतात. ते जमतं, पण डायनॅमोची (गाडीत वीज तयार करणाऱ्या यंत्राची) ध्रुवता नव्याने द्यावी लागते आणि इग्निशन कॉइलच्या वायरीही अदलाबदल कराव्या लागतात, हे अनेक इलेक्ट्रिशियन विसरतात.

स्पीकरचंही तसंच. जुन्या बहुतेक गाड्यांत स्पीकरला एकच वायर जाई आणि परतीचा रस्ता बॉडीतून. आजच्या संचात स्पीकरच्या दोन्ही वायरी 'जिवंत' असतात, त्यातली एक बॉडीला लागली की आतलं आयसी (चिप) जातं. जुना स्पीकर, जुनं वायरिंग आणि नवा संच हे त्रिकूट म्हणून महागात पडतं.

हे सगळं अमेरिका-युरोपातलं. आपल्याकडे गाडी आणि रेडिओ वेगवेगळ्या वाटांनी आले. मुंबईत प्रसारण केंद्र सुरू झालं २३ जुलै १९२७ रोजी, इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं. त्याच्या पुढच्याच वर्षी, १९२८ मध्ये, जनरल मोटर्सने शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली. स्वातंत्र्यानंतर सरकारी धोरण बदललं, फक्त जोडणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांनी पन्नासच्या दशकाच्या पूर्वार्धात काढता पाय घेतला, आणि मैदानात उरल्या त्या मुख्यतः तीन: उत्तरपाड्याची हिंदुस्थान मोटर्स, मद्रासची स्टँडर्ड आणि आपली कुर्ल्याची प्रीमियर ऑटोमोबाइल्स. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियरने आधी डॉज, प्लिमथ, डिसोटो जोडल्या. मग फियाट आली, १९७४ मध्ये तीच पद्मिनी झाली.

या देशी गाड्यांत रेडिओ सहसा कारखान्यातून येत नसे. गाडी मिळण्यासाठीच वर्षानुवर्षं थांबायचं, त्यात रेडिओ म्हणजे चैन. तो नंतर बाजारातून घेऊन लावला जाई, पुष्कळदा डॅशबोर्डच्या खाली पट्टीला टांगून. म्हणून एखाद्या फियाट किंवा अॅम्बेसेडरच्या बाबतीत ओरिजिनल रेडिओ कुठला, याचं प्रामाणिक उत्तर पुष्कळदा 'कुठलाच नाही' असं येतं. कोरी पट्टी हीच ओरिजिनल. हे ऐकून मालकाचा चेहरा उतरतो, पण त्यात वाईट काय? त्या काळातला, त्या गावात मिळणारा संच लावला तर तो त्या गाडीच्या आयुष्याशी प्रामाणिकच ठरतो.

रेडिओ बाळगायला परवानाही लागे. १९३३ च्या वायरलेस कायद्याखाली घरातल्या संचाप्रमाणे गाडीतल्या संचालाही तो नियम होता. दरवर्षी पोस्टात जाऊन पैसे भरायचे. ही पद्धत ऐंशीच्या दशकापर्यंत रेंगाळली. जुन्या गाडीच्या कागदांच्या पाकिटात असं परवान्याचं पुस्तक निघालं तर जपून ठेवावं. गाडीत खरोखर रेडिओ होता याचा त्याहून चांगला पुरावा मिळणार नाही.

आणि ऐकायचं काय? १९५२ मध्ये माहिती आणि प्रसारण खातं बाळकृष्ण केसकर यांच्याकडे आलं. आडनावावरून कळतंच, मराठी माणूस. चित्रपटसंगीत त्यांना हलकं वाटे आणि आकाशवाणीवरून ते जवळजवळ हद्दपार झालं. लोकांनी रेडिओ सिलोनकडे मोर्चा वळवला. पण सिलोन यायचं शॉर्टवेव्हवर आणि गाडीतले बरेचसे संच फक्त मीडियमवेव्हचे. ब्रिटिश संचांत जोडीला लाँगवेव्हचं बटण असे, ते आपल्याकडे निव्वळ शोभेचं, कारण भारतात लाँगवेव्हवर प्रसारणच नव्हतं. बुधवारी रात्री आठला घरात सिलोनवरच्या गीतमालेत अमीन सयानी बोलायचे तेव्हा गाडीत बसलेला माणूस बहुधा बातम्या नाहीतर शास्त्रीय गायन ऐकत असे. ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती आली. १९६७ मध्ये मुंबई, पुणे आणि नागपूर केंद्रांवरून तिची जाहिरातींची सेवा सुरू झाली. आपल्याकडे गाडीतला रेडिओ खऱ्या अर्थाने गाऊ लागला तो त्या सुमाराला, असं माझं मत आहे.

मग कॅसेट आली आणि डॅशबोर्डची वाताहत झाली. जुन्या संचाला दोन बाजूंना नॉबचे दोन दांडे असत, मधे काच आणि सुई. डॅशबोर्डला दोन गोल भोकं आणि मधे एक खाच, बस्स. दोन दांड्यांमधलं अंतर प्रत्येक गाडीत वेगळं. जर्मनीत आकाराचं प्रमाण ठरलं, सुमारे १८ सेंटिमीटर रुंद आणि ५ उंच, आणि ऐंशीच्या दशकात ते आंतरराष्ट्रीय झालं. नव्या गाड्या त्या मापाने घडल्या. जुन्यांवर करवत चालली. गॅरेजमधल्या पोऱ्याने अर्ध्या तासात कापलेला तो पत्रा आज पुन्हा जोडायचा तर तुकडा कापून वेल्डिंग, घासकाम, लांबी (पुट्टी) आणि रंग, असा पंधरवडा जातो. जिथे फक्त दोन गोल भोकं शाबूत आहेत, त्या मालकाने देवाला नारळ वाढवावा.

जुना संच मिळवणं हे त्यामानाने सोपं. मुंबईचा चोर बाजार, पुण्याचा जुना बाजार, कुर्ल्याची स्पेअरची दुकानं इथे संच अधूनमधून निघतात. विकत घेताना चेहरा बघावा, आवाज नव्हे. कंडेन्सर, रेझिस्टर असे आतले सुटे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळतात. फुटलेली काच, उडालेले आकडे आणि हरवलेला नॉब मात्र कुठेच मिळत नाही. घरी आणून थेट बारा व्होल्ट देण्याचा मोहही आवरावा. जुने कंडेन्सर सुकलेले असतात. ट्रान्झिस्टर संच स्पीकर न जोडता चालवला तर त्याचा शेवटचा ट्रान्झिस्टर जाऊ शकतो.

संच बसला की तडतड सुरू होते. ठिणगी हाच मुळात वायरलेसचा पहिला ट्रान्समीटर, तेव्हा इंजिनातला प्रत्येक प्लग एक छोटं रेडिओ केंद्र चालवत असतो. म्हणून पूर्वी प्लगच्या वायरीत ही तडतड दाबणारा सप्रेसर आणि डायनॅमोवर कंडेन्सर लावत. गंमत अशी की इंजिन 'ओरिजिनल' करायच्या नादात मालक तांब्याच्या साध्या प्लगवायरी लावतो आणि त्याच दिवशी रेडिओतून गाण्याऐवजी इंजिनाचे आरपीएम ऐकू येतात. एरियलच्या खाचेजवळ एक बारीक स्क्रू असतो, त्याचंही काम बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. सुई १४०० किलोहर्ट्झच्या आसपास एखाद्या क्षीण स्टेशनवर ठेवायची आणि आवाज सर्वांत मोठा होईपर्यंत तो फिरवायचा. मेलेला वाटणारा संच एवढ्याने जागा झालेला मी पाहिला आहे.

पण जागा होऊन तो ऐकणार काय? मीडियमवेव्हवर आकाशवाणी मुंबईची अस्मिता वाहिनी ५५८ किलोहर्ट्झवर आणि पुणे केंद्र ७९२ वर, ही वर्षानुवर्षांची ठिकाणं. मात्र मोबाइलचे चार्जर आणि एलईडी दिव्यांच्या गोंगाटात शहरात तो पट्टा ऐकणं कष्टाचं झालंय. युरोपात तर अनेक देशांनी मीडियमवेव्ह बंदच केली. एफएमचा जुना संच हा उपाय वाटतो, पण पन्नासच्या दशकातल्या जर्मन संचांचा एफएम पट्टा १०० मेगाहर्ट्झला संपतो. मुंबईचं एफएम गोल्ड १००.७ वर, रेनबो १०७.१ वर, म्हणजे दोन्ही सुईच्या पलीकडे.

यातून 'जुन्या चेहऱ्याचा नवा रेडिओ' हा प्रकार निघाला. त्याच्या दोन तऱ्हा आहेत. पहिली, पूर्ण नवा संच, समोर दोन नॉब आणि क्रोमची पट्टी, आत ब्लूटूथ. पोर्शेने आपल्या जुन्या गाड्यांसाठी २०२० मध्ये असे संच काढले, त्यात नकाशाही दिसतो. दुसरी, जुन्या संचाची पेटी, काच, सुई सगळं ठेवून आतला सांगाडा काढायचा आणि नवा बोर्ड बसवायचा. मला दुसरी पटते. पहिलीत पडद्याचा निळा उजेड रात्री डॅशबोर्डच्या पिवळट दिव्यांशेजारी डोळ्यांत खुपतो. नियमांची भीती बाळगू नये. २०२१ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार पन्नास वर्षांपुढच्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते आणि त्यासाठी गाडी मूळ रूपात असावी लागते, पण त्यात चॅसी, बॉडी आणि इंजिनातल्या बदलांवर बोट ठेवलं आहे, रेडिओवर नाही.

दुसरी तऱ्हा निवडली तर एवढं करावं: काढलेला सांगाडा, व्हॉल्व्ह, व्हायब्रेटर, सुई हलवणारी दोरी आणि कप्पी वर्तमानपत्रात गुंडाळून एका डब्यात भरावेत, डब्यावर गाडीचा नंबर लिहावा, आणि तो डबा गाडीच्या कागदांसोबत ठेवावा. गाडी विकताना तोही द्यावा.