पाचर, सरस आणि तापवलेली हवा

मोझार्टने ऑक्टोबर १७७७ मध्ये आउग्सबुर्गहून वडिलांना लिहिलेल्या पत्रात पियानो घडवणाऱ्या योहान आंद्रेआस श्टाइनची एक रीत वर्णिली आहे. साउंडबोर्ड, म्हणजे तारांचा नाद मोठा करणारी पातळ लाकडी फळी, तयार झाला की श्टाइन तो ऊन, पाऊस, बर्फ खायला उघड्यावर ठेवी. तो तडकला की त्याला आनंदच होई. तड्यात पाचर बसवून सरसाने चिकटवली, की पुढे काही होणार नाही असा त्याचा भरवसा.

लाकूड तंतूंच्या दिशेने जवळजवळ हलत नाही. आडवं मात्र दमट हवेत फुगतं आणि कोरड्या हवेत आकसतं. हार्पसिकॉर्डचा, म्हणजे पियानोआधीच्या तारा छेडणाऱ्या पट्ट्यांच्या वाद्याचा, साउंडबोर्ड असतो जेमतेम तीन-चार मिलिमीटर जाड, आणि कडांना घट्ट चिकटवलेला. फुगला की तो वर उचलला जातो, तारा जिच्यावर टेकतात ती घोडी त्यांना ताणते आणि सूर चढतो. आकसताना कडा सुटत नाहीत, म्हणून तो मधेच फाटतो. उष्णतेची गोष्ट निराळी. पितळ लोखंडापेक्षा जास्त प्रसरण पावतं, त्यामुळे सभागृह तापलं की खर्जातल्या पितळी तारा वरच्या लोखंडी तारांपेक्षा अधिक उतरतात. वाद्य स्वतःशीच बेसूर होतं.

१८२५ साली बोस्टनच्या अल्फियस बॅबकॉकने पियानोसाठी एकसंध ओतीव लोखंडी चौकटीचं पेटंट घेतलं. पुढे तारांचा ताण लोखंडावर गेला, तरी साउंडबोर्ड लाकडीच राहिला. त्याआधीच्या वाद्यांना तर तोही आधार नव्हता.

तरीही माझ्या मते या वाद्यांचा खरा घात पावसाने केला नाही, तो हिवाळ्यात तापवलेल्या खोल्यांनी केला. जुनी चर्च थंड आणि ओलसर असत, पण तिथली हवा ऋतूंच्या संथ गतीने बदले. शून्य अंशावरची पूर्ण दमट हवा २० अंशांपर्यंत तापवली, की तिची सापेक्ष आर्द्रता २६ टक्क्यांच्या आसपास येते. अशा हवेत चर्चमधल्या ऑर्गनच्या वातपेट्यांना, म्हणजे नळ्यांना वारा पुरवणाऱ्या लाकडी पेट्यांना, तडे जातात, वारा गळतो, पट्टी न दाबताही एखादी नळी गात राहते. शिवाय साध्या नळ्यांचा सूर दर अंशाला सुमारे तीन सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढतो, कंप पावणाऱ्या धातूच्या जिभेवर वाजणाऱ्या नळ्या मात्र फारशा हलत नाहीत. सकाळी थंड चर्चमध्ये जुळवलेले हे दोन संच संध्याकाळच्या मैफलीत एकमेकांपासून फारकत घेतात.

त्यात श्रोते आले. बसलेला माणूस तासाला साधारण ५० ग्रॅम बाष्प हवेत सोडतो. चारशे जणांचं ते २० लिटर पाणी होतं. मध्यंतरात वाद्य पुन्हा लावावं लागतं ते म्हणूनच.

आज बहुतेक संग्रहालयं आर्द्रता ५० टक्क्यांच्या जवळपास धरतात आणि त्याहून जास्त जपतात ते तिचं स्थैर्य. पियानोचा जनक बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी याचे तीनच पियानो उरले आहेत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातला १७२० चा पियानो वाजतो, पण त्याचा साउंडबोर्ड १९३८ मध्ये बदललेला आहे. लाइपझिगमधला १७२६ चा मुका आहे. मंचावर जातात त्या त्यांच्या नव्याने घडवलेल्या प्रतिकृती.