राहतं घर दाखवताना: घरमालक आणि भाडेकरू, दोघांसाठी

नमस्कार. रत्नागिरी शहर, नाचणे, कुवारबाव आणि शिरगाव या भागात आम्ही घरं भाड्याने मिळवून देण्याचं काम करतो. आमचे बरेचसे घरमालक मुंबई-ठाण्याकडे असतात, मे महिन्यात आणि गणपतीला येतात. घर एक महिनाही रिकामं राहू नये ही त्यांची इच्छा असते आणि ती रास्तच आहे. म्हणून आधीचे भाडेकरू राहत असतानाच घर नव्या पार्टीला दाखवावं लागतं. नोकरीतल्या बदल्या मे-जूनमधल्या, कॉलेजं सुरू होतात ती पावसात. त्यामुळे घरं दाखवण्याची सगळी धावपळ नेमकी ऐन पावसाळ्यात येते.

याच दिवसांत आम्हाला दोन फोन हमखास येतात. मालकांचा: "भाडेकरूंनी घराची काय दशा केलीय बघितलीत का? अशानं कोण घेणार?" आणि भाडेकरूंचा: "आम्ही घर नीटच ठेवतो, पण न सांगता दारात माणसं उभी केलीत तर कसं चालेल?" दोघंही आमचे ग्राहक, दोघांचंही ऐकावं लागतं. फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून द्यावं म्हणून हे पत्रक.

सर्वात जास्त वेळ वाया घालवणारी चूक एकच आहे. पार्टी समोर आली की मालक फोन करतात, "आत्ताच दाखवून टाका, चावी शेजाऱ्यांकडे आहे नाहीतर भाडेकरू घरात असतीलच." अर्ध्या तासात घर दाखवायचं. गेल्या जुलैमधली गोष्ट सांगतो. वन बीएचके, शेवटचा मजला. पार्टी कोल्हापूरहून बदलून आलेली, नवरा-बायको दोघंही नोकरी करणारे, भाडं मान्य, फक्त घर बघायचं बाकी. मालकांच्या आग्रहामुळे आम्ही आमचा नियम मोडला आणि दुपारी अडीचला बेल वाजवली. आत राहणाऱ्या ताई नर्स. रात्रपाळी करून आलेल्या आणि नुकत्या झोपलेल्या. हॉलमध्ये नायलॉनच्या दोरीवर दोन दिवसांचे ओले कपडे, खाली जुने पेपर पसरलेले, कोपऱ्यात छत्री निथळत होती. ओट्यावर सकाळची भांडी. कपाटामागच्या भिंतीवर काळपट हिरवी बुरशी.

मालक फोनच्या स्पीकरवर होते. "हे असं ठेवतात का दुसऱ्याचं घर?" एवढं पार्टीसमोर ऐकल्यावर ताईंचा आवाज चढला, मग मालकांचा. पार्टीतल्या वहिनींनी चपला घातल्यादेखील नव्हत्या, तशाच हातात घेऊन जिना उतरल्या. ते घर पुढे दिवाळीपर्यंत बंद राहिलं. आणि दसऱ्याच्या आसपास रंगारी आला तेव्हा कळलं, की बुरशी गच्चीच्या पॅरापेटला, म्हणजे कठड्याला, गेलेल्या भेगेतून उतरणाऱ्या पाण्याची होती. ताईंचा त्यात काही दोष नव्हता. तीन महिन्यांचं भाडं गेलं, आणि चांगली भाडेकरू मनात अढी ठेवून गेली.

म्हणून आता आमचा नियम पक्का आहे: किमान एक दिवस आधी भाडेकरूंना कळवल्याशिवाय आम्ही राहतं घर दाखवत नाही. काही मालकांना हा आमचा आळस वाटतो, पार्टी हातची जाईल अशी भीती वाटते. आमचा अनुभव उलटा आहे. एक दिवस थांबायला तयार नसलेली पार्टी अकरा महिन्यांच्या कराराला क्वचितच टिकते, आणि जी खरंच घर शोधत असते ती दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला हमखास येते. कायद्याची बाजूही हीच आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम २८ प्रमाणे मालकाला घराची पाहणी करण्याचा हक्क आहे, पण योग्य वेळी आणि आधी सूचना देऊन. घर तुमचं आहे, पण करार चालू असेपर्यंत तिथे संसार दुसऱ्याचा आहे. देवघर, पोरांची पुस्तकं, दोरीवरचे कपडे, सगळं त्यांचं.

कलम २८ पाहणीबद्दल बोलतं, नव्या पार्टीला घर दाखवण्याबद्दल वेगळं काही सांगत नाही. म्हणून आम्ही करार करतानाच एक वाक्य घालून घेतो: "करार संपण्याआधीच्या शेवटच्या महिन्यात, किमान एक दिवस आधी कळवून, सकाळी ११ ते संध्याकाळी ६ या वेळेत, दिवसातून जास्तीत जास्त दोन वेळा, परवानाधारक (म्हणजे भाडेकरू) नवीन इच्छुकांना घर पाहू देतील." लीव्ह अँड लायसन्सच्या तयार छापील नमुन्यात ही ओळ बहुधा नसते. ती नसली की भाडेकरू "मी बांधील नाही" म्हणतात आणि मालक "माझं घर, मी कधीही दाखवीन" म्हणतात. वाद तिथेच सुरू होतो. आणि करार नोंदवलेलाच नसेल तर त्याच कायद्याचं कलम ५५ लक्षात ठेवा: करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे, आणि तो नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, धरलं जातं. "तोंडी ठरलं होतं" याला मग काही वजन राहत नाही.

आता स्वच्छतेबद्दल. यातली निम्मी भांडणं स्वच्छतेची नसतातच, ती ओलीची असतात. रत्नागिरीत पावसाच्या चार महिन्यांत सरासरी ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जुन्या घरांच्या भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, आणि चिरा पाणी धरतो. नव्या इमारतींत बाहेरचा रंग उडालेला असला किंवा खिडकीच्या चौकटीत फट राहिली की वाऱ्याबरोबर झड आत येते. वर समुद्राची खारी हवा. अशा घरात कितीही झाडलोट केली तरी श्रावण लागेपर्यंत कपाटाच्या मागे बुरशी येते, चामड्याच्या पट्ट्यावर पांढरी भुकटी दिसते, ग्रिलला गंज चढतो. मुंबईहून फोटो बघणाऱ्या मालकांना यात घाण दिसते, राहणाऱ्याला ओल दिसते.

ओळखायची एक साधी रीत आम्ही वापरतो. भिंत कोरड्या फडक्याने पुसून घ्यायची आणि वीतभर प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बसवायचा. दोन दिवसांनी बघायचा. पाण्याचे थेंब प्लॅस्टिकच्या मागे, भिंतीच्या बाजूला जमले असतील तर ओल भिंतीतूनच येते आहे: गच्ची, पाइप किंवा बाहेरचं प्लास्टर बघायला हवं, आणि ते काम मालकांचं. दुसरा काही करार झालेला नसेल तर घर राहण्याजोगं दुरुस्त ठेवण्याची जबाबदारी कायदा मालकावरच टाकतो. थेंब प्लॅस्टिकच्या बाहेरून, खोलीच्या बाजूला जमले असतील तर घरातली वाफ आहे: बंद खिडक्या, घरात वाळणारे कपडे, एक्झॉस्ट न लावता केलेला स्वयंपाक. ते भाडेकरूंनी सांभाळायचं. पोपडे आलेत आणि पांढरा क्षार बोटाला लागतोय, म्हणजे भिंतीला लोणा धरलाय, तर ते भाडेकरूंच्या खात्यात टाकू नका.

बुरशी काढताना कोरडा ब्रश मारू नका, ती हवेत उडते आणि श्वासात जाते. कपडे पांढरे करायचं ब्लीच एक भाग आणि पाणी दहा भाग, ओल्या फडक्याने पुसा, खिडकी उघडी ठेवा. हे करताना संडास धुवायचं ॲसिड त्याच बादलीत कधीही घालू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. आणि मालकांना कळकळीची विनंती: पार्टी यायची म्हणून घाईने बुरशीवर रंग मारून घेऊ नका. ओल तशीच असेल तर ती थोड्याच दिवसांत रंगातून वर येते आणि मग नव्या भाडेकरूंचा तुमच्यावरचा विश्वास पहिल्याच महिन्यात जातो.

बेसिन आणि टाइल्सवरच्या तांबूस डागांचंही असंच. ते बहुतेक वेळा बोअरच्या पाण्यातल्या लोहाचे असतात. घासून घासून हात दुखतील, डाग जाणार नाही. उलट ॲसिडने टाइल्सचे सांधे खराब होतात.

मग भाडेकरूंनी काय करायचं? खरी अस्वच्छताही असते, ती आम्ही झाकत नाही. चिमणीला आणि ओट्यामागच्या टाइल्सना चढलेला तेलाचा चिकट थर, कमोडमधले पिवळे डाग, गॅलरीत साठवलेले रिकामे डबे, हे वापरणाऱ्यानेच काढायचं असतं. डिपॉझिट परत मिळेल का नाही या रागात काहीजण घर मुद्दाम तसंच ठेवतात, तेव्हा नुकसान त्यांचंच होतं. नवी पार्टी लवकर मिळाली तर मालकांना तुमचं डिपॉझिट परत करणं सोपं जातं, हे ध्यानात घ्या.

पण पाहुणे येणार म्हणून घर दिवाळीसारखं लख्ख करायची गरज नाही. सांगून ठेवलेल्या वेळेच्या तासभर आधी खिडक्या उघडा, सिंकमधली भांडी घासून घ्या, बाथरूम पुसून कोरडं करा, ओले कपडे एका खोलीत सरकवा, दिवे लावून ठेवा. एवढं पुरतं. त्या दिवशी सुरमई तळायची असेल तर पार्टी गेल्यावर तळा. आणि रूम फ्रेशनर भरपूर मारू नका, वास लपवला असं पार्टीला उगाच वाटतं. आमचा अनुभव सांगतो, बघायला येणाऱ्या वहिनी सर्वात आधी नळ सोडून बघतात, मग ओटा, मग बाथरूम, मग गॅलरीत ऊन कुठून येतं ते. तुमची अंथरुणं घडी केलेली आहेत का, याकडे कोणाचं लक्ष नसतं.

आमच्याकडून काय होतं तेही सांगतो. कळवल्याप्रमाणे आमचा माणूस पार्टीच्या पंधरा मिनिटं आधी पोहोचतो, काही हलवायचं असेल तर भाडेकरूंना हात देतो. चपला बाहेर. कपाटं उघडली जात नाहीत. भाडेकरूंच्या सामानाचे, देवघराचे किंवा मुलांचे फोटो त्यांना विचारल्याशिवाय काढले जात नाहीत. मालकांना घराबद्दल काही बोलायचं असेल तर ते पार्टी गेल्यावर, आमच्यामार्फत. स्पीकरवर मालकांना घ्यायचं आम्ही जुलैपासून बंद केलं आहे, आणि यावर आम्ही तडजोड करत नाही.

ताबा देताना आम्ही खोलीनिहाय फोटो काढतो: भिंतींचे कोपरे, कपाटामागची जागा, नळ, कमोड, खिडक्यांच्या चौकटी, मीटरचं रीडिंग. ते मालक आणि भाडेकरू दोघांच्या व्हॉट्सॲपवर त्याच दिवशी जातात. आमच्यामार्फत झालेल्या करारात याचे वेगळे पैसे नाहीत. दुसरीकडे करार झाला असेल तरी एवढंच काम आम्ही माफक पैशांत करून देतो, आणि ज्यांनी करून घेतलंय त्यांच्यात डिपॉझिटवरून वाद झाल्याचं आमच्या कानावर आलेलं नाही. घर एकदा नीट साफ करून हवं असेल तर आमच्या ओळखीच्या दोन मावशी आहेत, वेळेवर येणाऱ्या आणि काम चोख करणाऱ्या. रोजच्या वापरातली घाण असेल तर त्यांची मजुरी भाडेकरूंनी द्यावी, त्याहून जास्त चकचकीत हवं असेल तर मालकांनी, असं आम्ही सुचवतो आणि सहसा दोघांनाही पटतं.

ज्यांची घरं जून-जुलैत रिकामी होणार आहेत त्यांनी मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्याच्या आत आम्हाला सांगावं. आगोटीची, म्हणजे पावसाआधीची, कामं चालू असतानाच गच्ची आणि पाइप बघून होतात, रंगारी मिळतो, आणि भिंती कोरड्या असतानाचे फोटो निघतात. येताना चालू कराराची प्रत आणि शेवटचं वीजबिल घेऊन या. ऑफिस सकाळी साडेनऊ ते एक आणि दुपारी चार ते आठ. रविवारी सकाळीच. मुंबईहून येणाऱ्यांनी आदल्या दिवशी फोन केला तर त्यांच्यासाठी रविवारी संध्याकाळीही थांबतो.