कुंपण स्वस्त झालं आणि दिसेनासं झालं

घोड्यासाठी कुंपण कसलं करावं असं विचारलं, की आपल्याकडे पहिलं उत्तर हमखास काटेरी तारेचं येतं. सिमेंटचे पोल, चार पदर तार, झालं काम. मुक्त संचार गोठा करणाराही आधी तिचाच भाव काढतो. पण ही तार घोड्यासाठी बनलेलीच नव्हती. ती कुठे, कुणाच्या अडचणीतून निघाली हे पाहिलं, तर चेनलिंकच्या विणलेल्या जाळीपासून वीज सोडलेल्या झटक्याच्या पट्टीपर्यंत आज बाजारात जे जे मिळतं त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

आपल्याकडे जनावर आवरण्याचं काम मुळात कुंपणाकडे नव्हतंच. गुरं दिवसा गुराख्यामागे, रात्री दावणीला. पळपुट्या जनावराच्या गळ्यात लोढणं. पागेतला घोडा तर मोकळा सुटायचाच नाही. पुढे बांधायचा दोर अगाडी, मागच्या पायांना पिछाडी, आणि दाणावैरण तोंडापुढे आणून द्यायला मोतद्दार. धनगरांनी मात्र फिरतं कुंपण केलं होतं. रात्री मेंढरांभोवती काठ्यांवर ताणायची वाघर, म्हणजे दोरखंडाची जाळी. सकाळी गुंडाळली की घोड्यावर लादून पुढच्या शिवारात. आज परदेशी कंपन्या शेळ्यामेंढ्यांसाठी जे विजेचं जाळं विकतात, ते कामाच्या दृष्टीने वाघरीचंच भावंड आहे.

शेताला जे कुंपण असे ते जनावर बाहेर ठेवण्यासाठी. देशावर शेर, फड्या निवडुंग, घायपात, नाहीतर बाभळीच्या फांद्या. कोकणात दगडाचे गडगे. तरीही कुणाचं ढोर पिकात शिरलंच तर कोंडवाडा होता. इंग्रजांच्या १८७१च्या कायद्याने तो पक्का केला. ढोर कोंडायचं, आणि मालकाने दंड भरून सोडवून न्यायचं. म्हणजे जनावर सांभाळण्याची जबाबदारी जनावराच्या मालकाची.

अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या कुरणांत त्याच काळात नेमकं उलटं होतं. तिथे गुरं मोकळी सोडण्याचा रिवाज होता, आणि ज्याला पीक वाचवायचं असेल त्याने आपल्या शेताला कुंपण घालायचं. १८६२च्या होमस्टेड कायद्याने वसाहत करणाऱ्याला १६० एकर जमीन जवळजवळ फुकट मिळे, पण तिच्याभोवतीचं कुंपण फुकट मिळत नसे. पूर्वेकडच्या जंगलपट्ट्यात ओंडके फाडून त्यांची नागमोडी रांग रचत. खिळा नको, खांबाचा खड्डा नको. फक्त लाकूड मात्र अफाट लागे आणि वळणावळणांत जमीन वाया जाई. प्रेअरीच्या गवताळ मैदानात झाडच नव्हतं. १८७१ साली अमेरिकन कृषी खात्याने कुंपणांच्या खर्चाचा हिशेब मांडला. त्याचं सार असं, की गुरांवर एक डॉलर घातला तर त्यांच्यापासून पीक वाचवायला कुंपणावर दुसरा डॉलर घालावा लागतो. कुंपणच शेत खातं ही म्हण तिथे जमाखर्चाच्या वहीत खरी ठरली होती.

यावर पहिला उपाय झाडाचाच निघाला. इलिनॉयमध्ये जोनाथन बाल्डविन टर्नर नावाच्या प्राध्यापकाने १८४०च्या दशकात ओसेज ऑरेंज या काटेरी झाडाच्या कुंपणाचा प्रचार केला. त्याची ख्याती अशी, की घोडा उडी मारणार नाही इतकं उंच, बैल रेटणार नाही इतकं भक्कम, डुक्कर शिरणार नाही इतकं दाट. खरं तर आजही कुठल्याही कुंपणाची परीक्षा याच तीन प्रश्नांनी घ्यावी. पण हे कुंपण धरायला तीन-चार वर्षं लागत, दरवर्षी छाटणी लागे, आणि ते हलवता येत नसे. गंमत म्हणजे पुढे काटेरी तारेने या झाडाला हटवलं, तेव्हा तारेसाठी न कुजणारे खांब म्हणून त्याचंच लाकूड खपलं.

साधी लोखंडी तार लोक आधीपासून वापरत होते. थंडीत ती तुटे, उन्हात सैल पडे, आणि गुरं तिला अंग घासून घासून खांबासकट आडवी करत. काटा हवा होता, पण तारेवर तो टिकवायचा कसा? फ्रान्समध्ये आणि अमेरिकेत १८६०च्या दशकात अशी पेटंटं निघाली, पण काटे तारेवरून सरकत, स्वतःभोवती गरगर फिरत. १८७३ साली इलिनॉयमधल्या डी-काल्बच्या जत्रेत हेन्री रोझ या शेतकऱ्याने टोकं ठोकलेली एक लाकडी पट्टी मांडली होती, कुंपणाच्या तारेवर टांगण्यासाठी. ती तिघांनी पाहिली. शेतकरी जोसेफ ग्लिडन, लाकूडवाला जेकब हाइश आणि हार्डवेअरचा दुकानदार आयझॅक एलवूड. पट्टीची काय गरज, काटा थेट तारेवरच का बसवू नये, हा विचार तिघांच्याही डोक्यात आला.

बाजी ग्लिडनने मारली. कॉफी दळायच्या यंत्रावर त्याने तारेचे तुकडे वळवले असं सांगतात. काट्याचा तुकडा एका तारेभोवती दोन वेढे देऊन बसवायचा, मग त्या तारेला दुसरी तार पीळ घालून गुंडाळायची. पिळात काटा अडकून राहतो, ना सरकत ना फिरत. वर पिळाचा आणखी एक फायदा, की तापून-गारठून तार कमी-जास्त झाली तरी पीळ ते सोसतो. दुकानातून आज आणलेलं भेंडोळं उलगडून पाहिलं तर बहुधा हीच रचना दिसेल. पेटंटाची तारीख २४ नोव्हेंबर १८७४. त्याची निम्मी भागीदारी एलवूडने २६५ डॉलरला घेतली. उरलेली निम्मी दोनच वर्षांत मॅसॅच्युसेट्सच्या वॉशबर्न अँड मोएन या तार कंपनीने ६० हजार डॉलर आणि विक्रीवर रॉयल्टी देऊन घेतली. कोर्टकचेऱ्या पुढे १८९२पर्यंत चालल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने ग्लिडनच्या बाजूने कौल दिला.

खपाचे आकडे पाहिले की या तारेची ओढ कळते. १८७४ साली पाच टनांच्या आसपास तार निघाली, १८८० साली ३६ हजार टनांहून जास्त. शंभर पौंडांना सुरुवातीला २० डॉलर पडत, १८९७मध्ये दोन डॉलरसुद्धा नाही. तार एवढी स्वस्त का झाली, तर तिच्यात मालच कमी होता. लाकडाचा ओंडका अंगाने अडवतो, तार दुखवून अडवते. टेक्सासमध्ये १८८३ साली रात्री तारा तोडणाऱ्या टोळ्यांशी मारामाऱ्या झाल्या, १८८४मध्ये तार तोडणं हा गंभीर गुन्हा ठरला. त्यानंतरच्या कडाक्याच्या हिवाळ्यांत वादळापुढे दक्षिणेकडे सरकणारी गुरं लांबच लांब तारांना अडून तिथेच गोठून मेली. पण तारेचा खप काही थांबला नाही.

गुरांच्या अंगावर जखमा होतच. टेक्सासकडे त्या जखमांत अळ्या पडत आणि ओरखड्यानेही जनावर दगावे. सुरुवातीची तार फारच अणकुचीदार होती. ओरड झाल्यावर कारखान्यांनी बोथट काट्यांची, मध्ये पत्र्याची पट्टी असलेली, लांबून दिसेल अशी तार काढली. ब्रिटनने १८९३ साली रस्त्याकडेची धोकादायक काटेरी तार काढायला लावणारा कायदा केला. शिकारीला घोड्यावरून कुंपणं ओलांडणाऱ्या मंडळींचाही तारेवर राग होताच. दिसणारी तार हा विचार तेव्हाच सुचला होता. पण तिला पत्रा जास्त लागे, म्हणजे पैसे जास्त. म्हणून बारीक तारच टिकली.

या बारीकपणाची खरी किंमत घोड्याने मोजली. गाय तारेत अडकली तर बऱ्याचदा उभी राहते, हंबरते, कुणी येईपर्यंत थांबते. घोडा थांबत नाही. पळून जीव वाचवणारं जनावर ते; पाय अडकला की आधी मागे खेचतो, मग आणखी जोरात खेचतो. त्याचे डोळे बाजूला असल्याने आजूबाजूचं त्याला भरपूर दिसतं, पण दौडीत समोरची दोन-अडीच मिलिमीटरची करडी तार नजरेत भरत नाही. पलीकडे दुसरा घोडा असला की पुढचा पाय मारायची सवय, आणि तो पाय तारेवरून पलीकडे जातो. गुडघ्याखाली घोड्याला मांसल भाग जवळपास नाहीच. कातडी, शिरा, हाड. तिथली जखम भरताना आतलं मांस फुगून कातडीच्या वर येतं आणि महिनोन्‌महिने मिटत नाही. त्यात घोडा धनुर्वाताला इतर जनावरांपेक्षा फार लवकर बळी पडतो. एका रात्रीच्या तारेने शर्यतीचा घोडा कायमचा लंगडा होऊ शकतो, म्हणून घोड्यांची पैदास करणाऱ्या मोठ्या स्टड फार्मवर लाकडी किंवा पाइपचे आडवे कठडे दिसतात, तार नाही.

पुढची सगळी धडपड या एका अडचणीशी झाली: स्वस्त हवं, पण दिसायलाही हवं. १८८०च्या दशकात मिशिगनच्या जॉन वॉलेस पेजने मागावर तारेची जाळी विणली. काटा नाही, तरी डुक्कर-मेंढरू अडतं. घोड्यासाठी मात्र जाळीचं भोक महत्त्वाचं. खूर आत जाईल आणि बाहेर येणार नाही, असं मधलंच माप सगळ्यात वाईट. म्हणून पुढे दोन इंच बाय चार इंचांची, खूर शिरणारच नाही अशी जाळी घोड्यांसाठी ठरून गेली. आपल्याकडची चेनलिंक त्यामानाने बरी, फक्त खालची कड मोकळी, टोकं वर आलेली असू नयेत आणि वरून एक पाइप किंवा फळी जावी. केंटकीतल्या घोड्यांच्या फार्मचे फळ्यांचे कठडे प्रसिद्ध आहेत. एके काळी ते पांढरे असत, आता बहुतेक काळे दिसतात, कारण डांबरी काळा रंग स्वस्त पडतो आणि जास्त टिकतो. श्रीमंतांच्या कुंपणालाही हिशेब चुकत नाही.

विजेची सुरुवात भयानक झाली. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, जर्मनांनी बेल्जियम आणि हॉलंडच्या सीमेवर सुमारे दोन हजार व्होल्टची तार घातली आणि तिच्यावर माणसं मेली. शेतावरही सुरुवातीला घरच्या विजेची तार कुंपणाला जोडण्याचे प्रकार झाले आणि त्यात बळी गेले. न्यूझीलंडमध्ये हॅमिल्टनजवळच्या बिल गॅलाघरने १९३०च्या दशकात वेगळी वाट धरली. त्याचा जो नावाचा घोडा मोटारीला अंग घासायचा, म्हणून त्याने मोटार हलली की घोड्याला चटका बसेल अशी जोडणी केली, असा किस्सा सांगतात. त्यातून कुंपणाचं यंत्र आलं. मात्र ओलं गवत तारेला टेकलं की त्या यंत्रांचा झटका गळून जाई. ती अडचण १९६०च्या दशकात सुटली. रुआकुरा इथल्या संशोधन केंद्रातल्या डग फिलिप्स यांनी कपॅसिटरमध्ये वीज साठवून ती एकदम सोडणारं यंत्र केलं.

आजच्या झटका मशीनचं तत्त्व तेच. सेकंदाला साधारण एक ठोका, तोही सेकंदाच्या काही दहाहजाराव्या भागापुरता. व्होल्ट हजारांत, पण ऊर्जा काही ज्यूलच. दुखतं, मारत नाही. दोन ठोक्यांच्या मधला मोकळा क्षण फार मोलाचा, कारण त्या वेळात जनावर बाजूला होऊ शकतं. घरच्या विजेला असा मोकळा क्षण नसतो. स्नायू आखडतात आणि तार सुटत नाही. विदर्भात रानडुकरांसाठी शेताच्या तारेत थेट वीज सोडली जाते आणि तिने वाघ मरतात, शेतकरीही मरतात. ते झटक्याचं कुंपण नव्हेच, आणि गुन्हाही आहे. तसंच काटेरी तारेत कधी झटका सोडू नये. काट्यात अडकलेलं जनावर सुटू शकत नाही आणि ठोके बसत राहतात.

विजेने कुंपण आणखी बारीक झालं. न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियाची अडीच मिलिमीटरची उच्च ताणाची गुळगुळीत तार खांबांची संख्या कमी करते, वर्षानुवर्षं सैल पडत नाही, गाईंना उत्तम. दौडीतल्या घोड्याला मात्र ती सुरीसारखी. म्हणून मग प्लॅस्टिकच्या धाग्यांत स्टीलचे बारीक तंतू विणलेली, दोन बोटं रुंद पांढरी पट्टी आली. लांबून दिसते, वाऱ्यात फडफडते, घोडा जोरात आदळलाच तर तुटते. १८८०च्या आसपास पत्र्याच्या खर्चामुळे मागे पडलेली दिसणारी तार प्लॅस्टिकने शंभरेक वर्षांनी परवडण्याजोगी केली. पट्टीचे दोष आहेत. उन्हाने धागे कुजतात, आपल्याकडच्या उन्हात लवकरच. वाऱ्याने ती खांबावरच्या इन्सुलेटरपाशी झिजते. शिवाय अर्थिंग, म्हणजे यंत्राची जमिनीशी जोडणी, नीट नसेल तर झटका नावापुरताच. उन्हाळ्यात कोरड्या मुरमाड जमिनीत अर्थिंगच्या सळ्या खोल आणि एकापेक्षा जास्त लागतात, नाहीतर घोड्याला आठवडाभरात कळतं की ही पट्टी नुसती दाखवायची आहे.

स्वस्तातला आणखी एक प्रयोग जुन्या कन्व्हेयर बेल्टच्या रबरी पट्ट्यांचा झाला. आदळलं तरी लागत नाही, म्हणून घोडेवाले खूश होते. मग घोडे कडा चावू लागले, आतले नायलॉनचे धागे पोटात जाऊन आतडी तुंबू लागली. वापरायच्याच असतील तर कडा रोजच्या रोज पाहाव्या लागतात.

आता नॉर्वेच्या नोफेन्ससारख्या कंपन्या गळ्यातल्या जीपीएस पट्ट्याने गुरं, मेंढ्या आणि शेळ्या आवरतात. सीमा मोबाइलवर आखायची. जनावर तिच्याजवळ गेलं की आधी आवाज, मग ऐकलं नाही तर हलका झटका. जमिनीवर काहीच दिसत नाही. तरीही रस्त्याकडेला किंवा रेल्वेजवळ बाहेरचं खरंखुरं कुंपण राहू द्यावं असाच सल्ला दिला जातो, कारण बॅटरी संपते, रेंज जाते आणि घाबरलेलं जनावर आवाज ऐकत नाही.